दिवा विझला, मोटर चालूच

डिसेंबरात मोहोळच्या एखाद्या शाळेत गेलात, तर फळ्यावर नाहीतर व्हरांड्यात ऊर्जा बचतीचं चित्र लावलेलं सापडेल. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन, १९९१ पासून पाळला जातो. चित्र ठरलेलं असतं: पिवळा बल्ब, बटणाकडे जाणारा हात आणि खाली ‘गरज नसताना दिवे बंद करा’. मुलं मन लावून रंगवतात. फक्त ज्या घरातून ती शाळेत आलेली असतात, त्या घरातली ऊर्जा जाते कुठं, याचा त्या चित्राशी फारसा संबंध उरलेला नाही. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असा हा प्रकार.

बल्बचा हिशेब एकेकाळी खरा होता. साठ वॅटचा पिवळा दिवा निव्वळ उष्णता टाकायचा, उजेड नावापुरता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची उजाला योजना सुरू झाली, सरकारी कंपनीनं एलईडी घाऊक भावात घेतले, दोनएक वर्षांत किंमत कोसळली आणि पुढं देशभर ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. आज अनगरपासून कामतीपर्यंत कुठल्याही घरात ९ वॅटचा दिवा लागतो. दिव्याचा प्रश्न बराचसा मिटला. उपदेश मात्र तिथंच थांबला. मोबाईलचा चार्जर काढून ठेवा, ही त्याचीच धाकटी आवृत्ती. रोज एकदा फोन पूर्ण चार्ज केला, तर वर्षाला पाच-साडेपाच युनिट लागतात. पाच एचपीची मोटर तेवढी वीज सव्वा तासात खाते.

आधी घरातला हिशेब करू. चार माणसांचं साधं घर धरा. पाच एलईडी रोज पाच तास लागले, तर पाव युनिटसुद्धा होत नाही. फ्रीज पाऊण-एक युनिट घेतो. टीव्ही आणि त्याचा डबा मिळून अर्ध्या युनिटाच्या आत. आता पंखे: जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॅटचा. असे तीन पंखे बारा-बारा तास फिरले की २.७ युनिट. म्हणजे घराच्या चार-साडेचार युनिटांतला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या पंख्यांचा. आणि मोहोळला पंखा फेब्रुवारीत सुरू होतो तो दिवाळीपर्यंत थांबत नाही.

बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. तिन्ही पंखे बदलले, तर दिवसाला दीड युनिटाच्या वर वाचतं, महिन्याला पन्नासच्या जवळ. महावितरणच्या घरगुती दराची पहिली पायरी शंभर युनिटांची, पुढची तीनशेपर्यंतची. सव्वाशे युनिटांचं घर पंखे बदलल्यावर शंभराच्या खाली येतं, आणि खाली येताना महागड्या पायरीवरचे युनिट आधी गळतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्याला तारांकन सक्तीचं झालं आहे. दुकानात गेल्यावर मात्र आपण पाती किती रुंद, रंग कुठला, हेच विचारतो. फ्रीज घेताना तारे मोजणारा माणूस पंख्याला काही विचारत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

पण पंखा एवढा फिरवावा का लागतो, हा त्याच्या आधीचा प्रश्न. त्याचं उत्तर डोक्यावरच्या छतात आहे. या भागात पूर्वी माळवदाची घरं होती. लाकडी तुळया, त्यांवर दाटीनं घातलेलं लाकूड, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, हात-दीड हात रुंदीच्या भिंती, आणि उजेड आत यायला व धूर बाहेर जायला छताला ठेवलेलं सवणं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना आत घोंगडी टाकून दुपारची झोप लागायची. दिवसभराचं ऊन त्या मातीत शिरायलाच संध्याकाळ व्हायची आणि तोवर घरची माणसं बाहेर अंगणात किंवा वर माळवदावर गेलेली असायची. हे घर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मृगाच्या आधी दर वर्षी वर माती टाकावी लागे, पाऊस लागून राहिला की गळे, तुळयांत उंदीर आणि उंदरांमागं साप. लोकांनी स्लॅब घातला तो हौसेनं नाही, रोजच्या कटकटीला वैतागून.

स्लॅबचा स्वभाव उलटा. पाच इंचांचं काँक्रीट दुपारभर तापतं आणि साठवलेली धग रात्री आत सोडतं. रात्री अकराला पंखा लावून झोपलेला माणूस खरं तर तापलेला वारा अंगावर घेत असतो. पत्र्याच्या घरात तर दुपारी थांबवत नाही. इथं सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा रंग. छताला चुन्याचे दोन-तीन हात दिले की ऊन बरंचसं परत फिरतं आणि खालची खोली दोन-चार अंशांनी उतरते. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला, पुढं त्यात गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम आलं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. आपल्याकडे दिवाळीला दर्शनी भिंत रंगवतात. छत कोणाला दिसत नाही, म्हणून ते काळंकुट्ट राहतं, आणि त्याची भरपाई पंखा, मग कूलर, मग एसी करत राहतो. २०२० पासून नवा एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर यावा, असा नियम झाला आहे. पाहुणे आले की रिमोट पहिल्यांदा १८ वर जातो, तो भाग वेगळा.

आता आग. ऊर्जा म्हटलं की आपल्याला वीज आठवते, पण घरातली जुनी ऊर्जा चुलीतली आणि बंबातली. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाच्या जरा आत वीज लागते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका माणसाच्या एका अंघोळीत ९ वॅटचा दिवा पन्नास तास जळू शकतो. चार माणसांच्या घरात सकाळी हिटरची कॉइल बादलीत सोडली की दोन युनिट गेले. मार्च ते जून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. तरी सवयीनं हिटर लागतोच, कारण अंघोळ सकाळी आणि टाकी तापते दुपारी. काही घरांत आदल्या संध्याकाळीच बादल्या भरून झाकून ठेवतात. ही युक्ती कुठल्याही योजनेत नाही. सोलर हीटर चांगला, पण बोअरच्या जड पाण्यानं वर्ष-दोन वर्षांत नळ्यांत क्षार बसतो. दुकानदार हे विकताना सांगत नाही. साफ करणारा माणूस शोधायची पाळी आली की कळतं.

साधी चूल सरपणातल्या उष्णतेचा जेमतेम दहा-पंधरा टक्के भाग भांड्यापर्यंत पोचवते. बाकीचा धूर, भिंत आणि स्वयंपाक करणारीचे डोळे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस वाडीवस्तीवर आला. पण टाकी भरायचे पैसे दर वेळी लागतात आणि तुराट्या, गोवऱ्या दारात फुकट पडलेल्या असतात. म्हणून पुष्कळ घरांत चहा गॅसवर आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी झालेली आहे. ती अडाणीपणाची नाही, हिशेबाची आहे. गॅस वाचवायचे उपाय आजीला माहीत होते तेच: मटकी-हुलगा रात्री भिजत घालणं, डाळ आधी भिजवणं, भांड्यावर झाकण, कुकर.

सोलापूरची कडक भाकरी मला याच यादीत बसवावीशी वाटते. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी थापून कडक करायची, एकदा तवा तापला की ढीगभर करून ठेवायच्या, आणि मग कित्येक दिवस आमटीत चुरून नाहीतर शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खायच्या. एकदा पेटवलेल्या आगीवर इतक्या दिवसांचं जेवण! पंढरपूरच्या वाटेवरचा प्रवासी ती गाठीला बांधायचा. ऊर्जा बचत हा शब्द तेव्हा कोणी ऐकला नव्हता. सरपण गोळा करायचा कंटाळा मात्र सगळ्यांना होता.

सरपणाचाच एक मोठा साठा दर हंगामात शिवारात जळतो: उसाचं पाचट. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली. २००२ साली त्या कामाला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये शंभर ग्रॅम कांडी कोळशावर एका घराचा वरण-भात-भाजी वाफेवर होतो. पाचट आणि शिवार आपल्याकडे आहे, कारखाने टाकळी सिकंदरला आणि अनगरला आहेत. पण कोळसा करत बसण्यापेक्षा काडी ओढणं सोपं. बगॅसचं, म्हणजे उसाच्या चोथ्याचं, तसं झालं नाही, कारण बगॅस एका जागी, कारखान्याच्या दारात साठतो. राज्यातल्या कारखान्यांची त्यावरची वीजनिर्मिती क्षमता २,००० मेगावॅटच्या पुढं गेली. शेतात विखुरलेल्या कचऱ्याला धनी नसतो, हाच फरक.

रस्त्याचं थोडक्यात. मोहोळहून सोलापूर ३५ किलोमीटर. रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करणारा सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल जाळतो. एका लिटरमध्ये नऊ युनिटांइतकी ऊर्जा असते, म्हणजे त्याच्या एका दिवसाच्या फेरीत घराची अडीच दिवसांची वीज गेली. दोघे एका गाडीवर गेले किंवा एसटीचा पास काढला, तर जे वाचतं त्याच्याशी घरातल्या दिव्यांची स्पर्धाच नाही.

आणि मग येते मोटर. आपल्याकडे पंप म्हणत नाहीत, मोटरच म्हणतात: मोटर चालू केली, मोटर जळाली, मोटर वर काढली. पाच एचपीची मोटर तासाला साडेचार युनिट घेते. आठ तास लाईट असली की ३६ युनिट, म्हणजे वर धरलेल्या घराची आठ-नऊ दिवसांची वीज एका दिवसात. तालुक्यातली ऊर्जा बचत हा विषय काढायचा असेल, तर विहिरीच्या काठावर बसूनच काढावा लागेल.

भौतिकशास्त्राच्या नियमानं एका युनिटात ३६,००० लिटर पाणी दहा मीटर वर चढतं. मोटर, पंप आणि पाइप मिळून तीस टक्केच कामाचे असतील, तर ११,००० लिटर चढतं. बोअर शंभर मीटरवर गेला, म्हणजे सव्वातीनशे फुटांवर, की तेच युनिट अकराशे लिटरांवर येतं. पाण्याची पातळी खाली जाते तसं विजेचं बिल वर जातं, एवढं साधं आहे.

तीस टक्के हा आकडा हवेतला नाही. भीमेपलीकडच्या आमच्या शेजारी तालुक्यात, मंगळवेढ्यात, देशातला पहिला पथदर्शी कृषिपंप प्रकल्प झाला. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं २००९ च्या सुमारास त्याचा आराखडा केला, आणि पुढं मंगळवेढा-पंढरपूर भागात दोन हजारांवर जुने पंप काढून दक्ष पंप बसवले. जुन्या पंपांची कार्यक्षमता मोजली तेव्हा ती अशीच केविलवाणी निघाली होती. कारणं शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. दोन-तीनदा वाइंडिंग केलेली मोटर. गरजेपेक्षा मोठी मोटर, कारण व्होल्टेज कमी असतं तेव्हा तीच तग धरते. घट्ट, जड फूटव्हॉल्व्ह. उगाच दिलेले काटकोनी बेंड. आणि बारीक पाइप: अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइप टाकला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षणात जाणारा जोर निम्म्याहून कमी होतो. पाइप एकदाच घ्यायचा असतो, घर्षण रोज भरावं लागतं.

दुसरी गंमत ऑटो स्विचची. लाईट रात्री अकराला येणार की दोनला, याचा भरवसा नाही. म्हणून मोटरला ऑटो स्विच बसवायचा आणि झोपायचं. लाईट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उचलतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. डीपी जळते. मग आठ-पंधरा दिवस कोणालाच पाणी नाही, आणि डीपी आणायला वर्गणी, ट्रॅक्टर आणि हेलपाटे. कॅपॅसिटर बसवला, तर तारांवरचा भार हलका होतो, डीपी वाचते. पण कॅपॅसिटरचे पैसे एकाचे आणि वाचलेली डीपी सगळ्यांची, त्यामुळे तो बरेचदा निखळून बाजूला टांगलेला दिसतो.

एवढं सगळं माहीत असून बदलत का नाही? कारण वाचवणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. अनेक शेतीपंपांना वर्षानुवर्षं मीटरच नव्हता, बिल एचपीवर. २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली आणि साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज फुकट झाली. शेतकऱ्याची परिस्थिती पाहता याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण तीन इंची पाइपाचा जादा खर्च कशातून भरून काढायचा, याचं उत्तर त्या योजनेनं काढून घेतलं, हेही खरं. फुकट वीज शेवटी कुठूनतरी येते. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे. अशा ठिकाणी एका युनिटामागं साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. आणि त्या प्रकल्पाला पाणी उजनीचं. वीज करायला उजनीचं पाणी, आणि उजनीचं पाणी रानात न्यायला वीज.

लोक पैशाशिवाय वाचवतच नाहीत, असंही नाही. भारनियमनाची ती वर्षं आठवा, २००५ नंतरची. खेड्यात दहा-बारा तास लाईट नसायची आणि ती नेमकी मुलांच्या अभ्यासाच्या वेळी जायची. तेव्हा महावितरणनं अक्षय प्रकाश योजना काढली. गावानं ठरवायचं, की संध्याकाळच्या तासांत कोणी मोटर लावणार नाही, आकडा टाकणार नाही. त्या बदल्यात गावाला घरगुती वीज मिळत राहील. तपासणी गावाचीच. ज्या गावांनी ती मनावर घेतली, तिथं दिवेलागणीला दिवे लागले. पुढं गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाले आणि ती गरज संपली. जपाननं २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतरच्या उन्हाळ्यात ‘सेत्सुदेन’ म्हणजे वीजकाटकसर पुकारली आणि तोक्योसारख्या महानगरानं ऐन मागणीच्या वेळची वीज पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरवली. जगभर कौतुक झालं. आमच्या गावांनी तेच काम मोटरच्या स्टार्टरला कुलूप घालून केलं होतं.

आता सौर. इथं वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं, तेव्हा सोलापूर जिल्ह्यानं सौर नाही करायचं तर कोणी? पीएम सूर्यघर योजनेत घरावरच्या तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला चार युनिट देतो, म्हणजे साध्या घराला एक किलोवॅटही जवळपास पुरतो. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी फीडर सौर करण्याचं काम चाललं आहे, आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्केच भरायचे आहेत. रात्रीचं पाणी धरायला जाताना साप चावून माणसं गेली आहेत. दिवसा वीज मिळणं हीच मोठी सुधारणा आहे.

पण सौरपंपाला बचत म्हणताना माझी लेखणी अडखळते. इंग्लंडच्या विल्यम स्टॅनली जेव्हन्सनं १८६५ मध्येच लिहून ठेवलं, की इंजिन कमी कोळशात चालू लागलं की कोळसा कमी लागत नाही, इंजिनं वाढतात. आमच्याकडे त्याला पुस्तकाची गरज नाही. पाटानं उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या वर पाणी लागतं. ठिबकनं त्यातलं चाळीस टक्क्यांच्या वर वाचतं. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एकर-दोन एकर ऊस लावतो. मोटर तेवढेच तास चालते. उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय राज्य सरकारनं २०१७ मध्ये घेतला होता, बांधावर त्याची फारशी चाहूल लागली नाही. सौरपंपाला तर ऊन असेपर्यंत थांबायचं कारणच नाही. वीज वाचते, बोअर आटतो, आणि पुढचा बोअर आणखी शंभर फूट खाली जातो.

या सगळ्या उपायांच्या यादीत एक गोष्ट कोणी घालत नाही, आणि ती मोहोळचीच आहे. इथल्या ज्वारी संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण पुढं आलं. रब्बी ज्वारीच्या मुलखात ते अजून पेरलं जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानातल्या ओलीवर पेरायचं. मग जमिनीतली ओल, थंडी आणि दव एवढ्यावर ते फेब्रुवारीपर्यंत उभं राहतं. भाकरी माणसाला, कडबा जनावराला, धसकटं चुलीला. एक युनिट वीज लागत नाही. ज्वारीकडे परत चला, असं मी म्हणणार नाही. ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखावी लागतात आणि उसाला जसा कारखाना दारात येऊन नेतो तसा ज्वारीला कोणी येत नाही. तरी ऊर्जेच्या हिशेबात हे पीक धरायलाच हवं.

जानेवारीत मोहोळहून पेनूरकडं निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हे शेजारी दिसतात. एकीकडं ऊस, एकीकडं पोटऱ्यातून बाहेर पडलेली ज्वारी. रात्री लाईट येते, तेव्हा उसाचा मालक कानटोपी चढवून, बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघतो. बांधापलीकडच्या ज्वारीवाल्याला उठायचं काही कारण नसतं.